ऊर्जेचा आलेख सपाट झाला म्हणजे स्पिन ग्लास समतोलात आला का?

नाही. (स्पिन ग्लास म्हणजे विस्कळीत चुंबक: शेजारी स्पिनांमधले काही बंध त्यांना एकाच दिशेला ओढतात, काही विरुद्ध, त्यामुळे सगळे बंध एकदम राजी होत नाहीत.) आणि ‘सिम्युलेशन आणखी दहापट चालव’ हा सल्ला कुणी दिला असेल तर तोही सोडून द्या. या सल्ल्यावरून मी आजवर पुष्कळ वाद घातलाय.

तुमचं म्हणणं: ८×८×८ जाळी, ±१ बंध, मेट्रोपोलिस (एकेक स्पिन उलटून बघायचा, ऊर्जा वाढत असेल तर क्वचितच स्वीकारायचा), तापमान ०.२, दहा लाख स्वीप (एका स्वीपमध्ये प्रत्येक स्पिनला एक संधी), ऊर्जा हलत नाही. हिशेब करून बघा. स्पिनला शेजारी सहा, म्हणून एक स्पिन उलटला की ऊर्जा ०, ४, ८ किंवा १२ नेच बदलते. ०.२ तापमानाला ४ चा चढ चढायची शक्यता ४८ कोटींत एक. तुमचे एकूण प्रयत्न ५१ कोटी. म्हणजे सगळ्यांत छोटा चढसुद्धा अख्ख्या रनमध्ये फार तर एखाद-दुसऱ्यांदा चढला गेला! तरी ॲक्सेप्टन्स रेट (स्वीकारलेल्या बदलांचं प्रमाण) शून्यावर येत नाही, कारण ज्यांचे तीन बंध राजी आणि तीन नाराज, ते स्पिन फुकटात उलटत बसतात. माणूस फसतो तो इथे.

दहापट वेळ दिलात तर पार होणारा अडथळा वाढतो २.३ × ०.२, म्हणजे जेमतेम ०.४६. आणखी ४ चा चढ हवा तर जवळपास नऊदा दहापट करा.

पॅरलल टेम्परिंग लावा: त्याच जाळीच्या प्रती वेगवेगळ्या तापमानांना एकदम चालवा आणि अधूनमधून त्यांची तापमानं अदलाबदल करा. वरचं तापमान संक्रमणाच्या (स्पिन गोठतात ते तापमान, सुमारे १.१) बरंच वर, २ च्या आसपास. शेजारी तापमानांत अदलाबदल २०-४० टक्के ठेवा, पण तेवढ्यावर खूश होऊ नका. प्रत्येक प्रत वरून खाली आणि परत वर किती फेऱ्या मारते ते मोजा. टक्केवारी छान आणि मधेच सगळं तुंबलेलं, हे सर्रास होतं. तिथे एक-दोन तापमानं घाला. तपासायचं ते ऊर्जेवर नव्हे, दोन स्वतंत्र प्रतींच्या ओव्हरलॅपवर (त्यांचे स्पिन एकमेकांशी किती जुळतात): रनचे दरवेळी दुप्पट होणारे टप्पे पाडा, शेवटच्या तिन्हींच्या सरासऱ्या त्रुटीच्या आत जुळल्या पाहिजेत.

गाऊशियन बंध (सरासरी ०, विचलन १) घेतले तर याहून कडक कसोटी आहे. समतोलात दर स्पिन ऊर्जा = −३(१ − लिंक ओव्हरलॅप)/तापमान; लिंक ओव्हरलॅप म्हणजे दोन प्रतींत शेजारी स्पिनांच्या जोड्या किती जुळतात ते. यादृच्छिक सुरुवात केली की डावी बाजू वरून उतरते, उजवी खालून चढते. ±१ ला हे सूत्र चालत नाही.

कूलिंग किती सावकाश, हे विचारलंत. टेम्परिंग लावलंत की त्या प्रश्नात फारसं काही उरत नाही.

मात्र एजिंग (थंड केल्यावर जितका वेळ जातो तसं वागणं बदलत जाणं) बघायचं असेल तर हे सगळं उलटं. तेव्हा समतोल नकोच: वरच्या तापमानावरून झटक्यात खाली आणा, प्रतीक्षाकाळ (मोजणीआधी थांबायचा वेळ) १०० स्वीपपासून दहापटीने वाढवत न्या आणि साधं एक-स्पिन मेट्रोपोलिसच ठेवा. टेम्परिंगमधल्या वेळेला भौतिक अर्थ नसतो.