टाळ्या कधी वाजवायच्या?

प्रश्न : बाबांना घेऊन मुंबईला वाद्यवृंद ऐकायला गेलो होतो. हायडनची एक सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना, आणि मोत्झार्टची ‘सिंफोनिया काँचेर्तान्ते’, म्हणजे व्हायोलिन आणि व्हायोला (व्हायोलिनचं जरा मोठं, खालच्या सुरांचं भावंड) यांनी वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना. पहिला भाग संपताच बाबांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतून कुणीतरी वळून ‘श्शू’ केलं. सवाईच्या मंडपात रात्र रात्र बसलेला माणूस, पण घरी येईपर्यंत गप्प होता. त्यांचं चुकलं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. हे त्यांना आजच सांगा.

जून 1778 मध्ये पॅरिसला मोत्झार्टची नवी सिंफनी वाजली. तो तेव्हा बावीस वर्षांचा. वडिलांना पत्रात लिहितो, की पहिल्या भागाच्या मधोमध एक जागा होती, ती लोकांना आवडणार हे मला ठाऊकच होतं. ती आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला! म्हणून तीच जागा त्याने शेवटी पुन्हा आणली होती. अखेरच्या भागाची सुरुवात त्याने मुद्दाम नुसत्या व्हायोलिनवर, अगदी हळू ठेवली. तिथे लोकांनी एकमेकांना ‘श्शू’ केलं, पण ऐकू यावं म्हणून. मग सगळी वाद्यं एकदम उसळली आणि पुन्हा टाळ्या. त्या आनंदात स्वारी आइस्क्रीम खायला गेली, नवस बोलल्याप्रमाणे जपमाळही ओढली.

भागांच्या मध्ये गप्प राहायची रीत पुढच्या काळात रुजली. आज ती आहे, तर पाळावी. मी स्वतः व्हायोला वाजवते, आणि तुम्ही ऐकलेल्या ‘सिंफोनिया काँचेर्तान्ते’तल्या दुसऱ्या, सी मायनर या स्वरपट्टीतल्या संथ भागानंतर मलाही शांतताच हवी असते. शेवटचा सूर विरला तरी गज तारेवरून उचलवत नाही. तो खाली येईपर्यंत थांबावं.

बाबांना पुन्हा न्या, जमलं तर पुढच्या रांगेत बसवा. व्हायोलाचा आवाज उजळ लागावा म्हणून मोत्झार्टने तिच्या चारही तारा अर्ध्या सुराने चढवायला सांगितल्यात, वादकाने तशा चढवल्या असतील, तर तो फरक त्यांच्या कानाला कळेल. पहिल्या भागात शेवटाकडे सगळा वाद्यवृंद थांबतो आणि दोघंच वाजवत राहतात. मोत्झार्टने ही जागा दोघांसाठी सुरासुरानिशी लिहून ठेवली आहे. शेवटी दोघं मिळून थरथरत्या सुरांवर थांबतात आणि सगळे पुन्हा येऊन मिळतात, अगदी समेवर आल्यासारखे. तिथे बाबांच्या तोंडून हळूच ‘वा!’ निघालं, तर निघू द्या.