आधी त्यांना विचार, मग कर

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. घोडबंदरला टू बीएचके, बाविसावा मजला, आईबाबांना वेगळी बेडरूम, आणि बाबा म्हणतात, 'आम्ही वरळी सोडणार नाही.' तू त्यांचे कष्ट फेडायला निघालीस आणि ते घ्यायलाच तयार नाहीत, याचं तुला रडू आलं. तुझ्या मनात खोट नाही, हे काय मला नव्याने कळायचंय? पण अख्ख्या पत्रात मी एकच वाक्य शोधत होते, 'मी त्यांना विचारलं.' ते कुठेच नाही. बुकिंग केलंस, लोन काढलंस आणि मग त्यांना कळवलंस.

आधी विचारायचं गं. मग करायचं.

बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात म्हाडा 500 चौरस फुटांचं मालकीचं घर देतेय, तेही वरळीतच. बाबा त्याची वाट बघताहेत. तू त्याला हट्ट म्हणतेस, मला तो चोख हिशोब वाटतो. विचारलं असतंस तर त्यांनीच मांडून दाखवला असता.

माझे वडील, अण्णा, परळच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर, होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. अण्णा परत कामावर गेलेच नाहीत. आईने खाणावळीच्या डब्यांवर मला डी.एड. केलं. नोकरी लागल्यावर दर दिवाळीला मी अण्णांना टेरीकॉटचा शर्ट घ्यायचे, दुकानातला सगळ्यात महाग. ते कापड चिमटीत धरायचे, उजेडाकडे करून वीण बघायचे, शिवणीवरून अंगठा फिरवायचे, 'छान आहे' म्हणायचे आणि ट्रंकेत ठेवून द्यायचे. ते गेल्यावर सगळे शर्ट घडीसकट निघाले. ज्या माणसाचं आयुष्य साच्यावर गेलं, त्याला कुठलं कापड आवडतं, एवढंही मी विचारलं नव्हतं.

शेवटी त्यांना गावी, कणकवलीकडे जायचं होतं. मी त्यांना बोरिवलीला माझ्याकडे आणलं. त्यावरून भाऊबंद अजून बोलतात. बोलू देत. हृदयाचे डॉक्टर इथे होते, औषधपाणी इथे होतं, रात्री-अपरात्री उठणारी मी इथे होते. गावाला कोण होतं? मी आजही तेच करीन. पण विचारून करीन. ते 'नको' म्हणतील हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी विचारलं नाही. तूही म्हणूनच विचारलं नाहीस, खरं की नाही?

2007 च्या कायद्याने ज्यांचं भागत नाही अशा म्हाताऱ्या आईबापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत. तुझ्या घरी तो प्रश्नच नाही. बाबांना पेन्शन आहे, लाइटबिल ते अजून स्वतः भरतात. अशा माणसाला न विचारता उचलून बाविसाव्या मजल्यावर ठेवायचं, आणि वर त्याने आनंद दाखवायचा? मला रागच आला तुझा. आणि जीवही तुटला, कारण तुझ्या वयात मी तश्शीच होते.

शनिवारी वरळीला जा. फ्लॅटची फाईल घरी ठेव. आईला एकटीला गाठ, बाबांसमोर ती मनातलं बोलत नाही. तिचं भजनी मंडळ, तिचा दादरचा बाजार, शेजारणी, सगळं विचार, आणि मध्ये मध्ये 'पण तिथे लिफ्ट आहे' असं म्हणू नकोस. मग बाबांना विचार. नाही म्हणाले तर फ्लॅट भाड्याने दे, हप्त्याला तेवढाच हातभार. हो म्हणाले तर कुठली खोली कुणाची, देव कुठे, ओटा किती उंच, हेही त्यांनाच विचार. आई ठेंगणी आहे. बिल्डरचा ओटा तिला उंच पडेल.

तुझ्या
बाई