माणूस शिकार-नेमबाजीकडे वळतो की नाही, हे तो कुठे राहतो त्यावर ठरतं का?

ठरतं. आमच्या घरात बंदूक आली ती हौसेनं नाही, डुकरांमुळे. कुडाळ तालुक्यात आमचा मळा रानाला लागून आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना आधी आजोबांच्या नावावर होता, आता बाबांच्या नावावर आहे. ठासणीची एकनळी, म्हणजे एकच नळी आणि दारू तिच्या तोंडातून ठासून भरायची. एक बार काढला की दुसरा ठासेपर्यंत डुक्कर पुढच्या वाडीत पोचतं.

माझा मेव्हणा कोथरूडचा. बालेवाडीच्या रेंजवर एअर रायफल चालवतो. लग्न ठरल्यापासून एकच पालुपद: "आम्ही खेळाडू, तुम्ही शिकारी." म्हणून हे उत्तर.

२०१९ सालचं सांगतो. २१ सप्टेंबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम आला. बाबा गोणपाटात गुंडाळून देऊन आले. निवडणूक नेमकी भात पिकायच्या दिवसांत येते, २०१४ लाही तसंच झालं होतं. दसऱ्याला मी पुण्याहून घरी गेलो, तर बाबा माळ्यावर, म्हणजे मळ्यातल्या राखणीच्या मचाणावर, पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन बसलेले. म्हणाले, "बंदूक थंय ठाण्यात, डुकरां हंय मळ्यात. तेंका आचारसंहिता नाय काय रे?"

दोन रात्री मीही बसलो. तिसऱ्या रात्री पाऊस आला म्हणून घरी झोपलो आणि सकाळी जाऊन बघतो तर चौदा गुंठे आडवे. डुक्कर नुसतं खात नाही, लोळवतं. लोंब्या तोंडात धरून चघळतं आणि चोथा थुंकून टाकतं. चिखलात त्या चोथ्याच्या ओल्या गोळ्या पडलेल्या होत्या. बाबांनी एक उचलून बोटांनी उकलली, नुसतं तूस. काही न बोलता बांधावर बसले. उरलेलं भात महिनाअखेरीस क्यार वादळाच्या पावसात गेलं. त्यानंतर बंदूक परत मिळाली, राखायला काही नसताना.

ही गोष्ट मेव्हण्याला सांगितली तर म्हणाला, "कुंपण घाला ना!" डुकराला चिऱ्याच्या गडग्याखालून, म्हणजे दगडी कुंपणाखालून, घुसताना त्यानं पाहिलेलं नाही, त्याचा काय दोष म्हणा.

त्याच्या खेळाला मी हसत नाही. दहा मीटरवरून अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका टिपणं आमच्या बाबांना जमणार नाही. पण तिथेही पत्ता आडवा येतोच. ऑलिम्पिकचं कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, पण नेमबाजी शिकायला त्याला घर सोडून नाशिकला जावं लागलं. मेव्हण्याला रेंज स्कूटरवर वीस मिनिटं. त्याच राधानगरीचं दाजीपूरचं रान एकेकाळी कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं, १९५८ साली त्याचं अभयारण्य झालं. राजांनी केली ती शिकार कौतुकाची, आणि मळा राखणारा शेतकरी क्रूर!

आता कोणी कायदा शिकवायच्या आधी मीच सांगतो. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते, नाहीतर सरळ गुन्हा. रात्री हौसेनं रान काढायला, म्हणजे शिकारीला, जाणाऱ्या टोळक्यांची बाजू मी घेणार नाही. डुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या आमच्याच जिल्ह्यात येतात. बाबा बहुतेक वेळा हवेतच बार काढतात. बहुतेक वेळा.

तुम्ही शहरात असाल आणि हात शिवशिवत असतील तर रेंज गाठा. गावात असाल तर मला विचारायची गरजच नाही.

आणि मेव्हण्या, हे वाचत असशीलच. यंदा दसऱ्यानंतर माळ्यावर एक जागा रिकामी आहे. बॅटरी माझी, सेल तू आण.