मल्टिव्हेरिएबलसाठी व्हायोलिन सोडायचं का?

पत्र (थोडक्यात): आम्ही टेक्सासला, फ्रिस्कोत राहतो. मुलगी दहावीत, सध्या प्रीकॅल्क्युलस करतेय. तिच्या पब्लिक हायस्कूलमध्ये पुढच्या वर्षीपासून एपी फिजिक्स सी (एपी म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) आणि मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस सुरू होतंय. उन्हाळ्यात त्याआधीचं एपी कॅल्क्युलस बीसी उरकून अकरावीत दोन्ही घ्यायचं असं आम्ही ठरवलंय. यूटी ऑस्टिनला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) कॉम्प्युटर सायन्स हवंय. ती ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते, पण ऑर्केस्ट्राला एपीसारखं मार्कांचं जास्तीचं वेटेज नाही, शाळेतली रँक घसरते, म्हणून तो सोडायला सांगितलाय. ती थोडी रडते, होईल सवय. धाकटा सहावीत आहे, तिथे आता कायद्याने कुणालाही ॲडव्हान्स्ड मॅथ्सला बसवतात. दर्जा राहील का? मी स्वतः झेडपीच्या शाळेतून आलोय, आमच्या सरांनी घरी येऊन वडिलांना सांगितलं म्हणून सायन्सला गेलो.

नमस्कार,

पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा "ती थोडी रडते, होईल सवय" इथेच अडकले. कधी रडते, कशावरून, तुम्ही काय विचारलंत, काहीच नाही, आणि पुढच्याच ओळीत परत वेटेज. "आम्ही ठरवलंय" म्हणताय, त्या आम्हीत ती आहे का हो? मला तर ती पत्रात कुठे बोलताना दिसली नाही.

शाळेने नवीन कोर्स आणले ही चांगलीच गोष्ट आहे, पण तो काही लेकीला आलेला समन्स नाही. बीसी म्हणजे कॉलेजच्या दोन सेमिस्टरचं कॅल्क्युलस, ते दहा आठवड्यांच्या सुट्टीत "उरकायचं" आणि मग त्याच कच्च्या पायावर मल्टिव्हेरिएबल चढवायचं, ज्याची एपीची परीक्षासुद्धा नसते! अकरावीत बीसी, झेपत असेल आणि आवडत असेल तर सोबत फिजिक्स सी, मल्टिव्हेरिएबल बारावीत. झालं.

आता रँकचं. टेक्सासमधल्या आपल्या बऱ्याच पालकांचा हाच घोळ असतो. शाळेत रँकने वरच्या 10 टक्क्यांत असलेल्यांना राज्याच्या युनिव्हर्सिटीत थेट प्रवेश देणारा कायदा 1997 चा, पण यूटी ऑस्टिनला 2026 च्या प्रवेशापासून ती रेघ 5 टक्क्यांवर आलीय, म्हणून घराघरात एकेका पॉइंटची मारामारी चाललीय हे मला कळतं. पण ही ऑटोमॅटिक ॲडमिशन मिळते ती युनिव्हर्सिटीत, मेजरला, म्हणजे हव्या त्या विषयाला, नाही. समजा ऑर्केस्ट्रा सोडून ती सातव्या टक्क्यावरून पाचव्यावर आली, तरी कॉम्प्युटर सायन्स द्यायचं की नाही ते वेगळं ठरतं, तिथे तिचे निबंध वाचतात, शाळेबाहेर काय केलं ते बघतात, आणि तुम्ही नेमकं तेच अर्जातून खोडायला निघालात. रँकसाठी व्हायोलिन सोडलं आणि मेजर भलतंच मिळालं तर काय करणार?

धाकट्याच्या प्रश्नावर मात्र खरं सांगते, राग आला. "कुणालाही" बसवत नाहीत. 2023 चा कायदा आहे, पाचवीच्या स्टार या राज्याच्या परीक्षेत गणितात वरच्या 40 टक्क्यांत आलेल्या मुलांना सहावीत आपोआप ॲडव्हान्स्ड मॅथ्सला घालायचं, नको असेल त्या पालकांनी नाही म्हणायचं. म्हणजे मग आठवीत अल्जेब्रा वन होतं आणि बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठता येतं. आधी बऱ्याच ठिकाणी शिक्षकांची शिफारस नाहीतर आईबापांचा पाठपुरावा लागायचा, मार्क असूनही ज्यांच्या घरी हे कुणाला माहीतच नव्हतं ती पोरं मागे राहायची. तुमच्यासाठी सर घरी आले होते ना? तेच काम तिकडे आता कायदा करतोय, आणि तुम्हाला दर्जाची काळजी पडलीय!

धाकट्याला आहे तिथे राहू द्या. लेकीचा कोर्स निवडायचा फॉर्म तिच्या हातात द्या, ती भरेपर्यंत शेजारी बसू नका, सही तेवढी करा. तिला वाटलं तर मला लिहू दे, तुम्हाला न दाखवता. आणि उन्हाळ्याच्या बीसी क्लासचे पैसे भरून झाले असतील तर रिफंड मिळतो का ते आजच विचारा.