होटगी रोडला घर आहे, थोड्या ठेवी आहेत, मुलगा गतिमंद. आमच्यामागे ट्रस्ट कंपनी हे सांभाळेल का?

हो, सांभाळते. ट्रस्ट कंपनी म्हणजे फी घेऊन विश्वस्ताचं काम करणारी कंपनी. मिळकत तिच्या नावे होते, पण लाभ फक्त मुलाचा: घरभाडं गोळा करणं, महापालिकेचा कर भरणं, व्याजातून त्याची औषधं आणि सांभाळणाऱ्या मावशींचा पगार देणं, हिशेब ठेवणं. माणूस थकतो, कंपनी टिकते. मी सोलापुरात असे दस्त लिहितो. हयातीत घर ट्रस्टला द्यायचं तर भारतीय न्यास अधिनियम, १८८२ च्या कलम ५ नुसार दस्त नोंदवावाच लागतो. नुसती नोटरी चालत नाही. मात्र कंपनी पैसा बघते, मुलाला नाही. त्याच्यासाठी कायदेशीर पालक वेगळा नेमून घ्या; जिल्हाधिकारी कार्यालयात त्यासाठी स्थानिक समिती असते. हे आधी करा.