'ओरिकी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या पुराणकथांवर बेतलेली, दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठीची एक साहसकथा इंग्रजीतून मराठीत आणायची आहे. तिच्यात संकटात सापडलेल्या नातीला आजी एका खास नावानं हाक मारते, मग त्यांच्या घराण्याची 'ओरिकी', म्हणजे आपण कोण, कुठले ते ऐकवणाऱ्या ओळी, म्हणते आणि पोरीच्या अंगात बळ येतं. अनुवाद करणाऱ्या ताईंनी कच्च्या खर्ड्यात 'मंत्र' लिहिलंय. ते चालेल का? नसेल चालत, तर स्तोत्र, बिरुदावली, पोवाडा यांतलं काय घ्यावं?

'मंत्र' अजिबात नको. योरुबा भाषेत मंत्राला वेगळा शब्द आहे, 'ऑफॉ'. ऑफॉ कुणावर तरी किंवा कशावर तरी चालवायचा असतो. एखादं पात्र काही पुटपुटतं आणि वाट मोकळी होते, वादळ थांबतं, शत्रूचे पाय जमिनीला खिळतात, तो ऑफॉ. अशा गोष्टींमध्ये दोन्ही प्रकार येतात आणि इंग्रजीत दोहोंना कधी कधी एकच ढोबळ शब्द वापरलेला असतो. त्यामुळे मूळ प्रसंग काय आहे ते पाहून ठरवावं लागतं. या ताईंच्या गोष्टीत आजी नातीवर काही चालवत नाही. ती नातीला ती कोण आहे ते ऐकवते. दोन्हीकडे 'मंत्र' लिहिलं, तर पुढच्या प्रकरणात चेटकीण जे म्हणते आणि आजी जे म्हणते त्यांत मुलांना काहीच फरक दिसणार नाही.

'ओरी' म्हणजे डोकं आणि 'की' म्हणजे एखाद्याची ओळख आळवत त्याला वंदन करणं, अशी या शब्दाची फोड योरुबा मंडळी सांगतात. हे डोकं नुसतं खांद्यावरचं नाही. जन्माआधी माणूस आजाला नावाच्या कुंभाराकडून आपलं 'ओरी' निवडून घेतो आणि त्याबरोबर आपलं नशीबही, अशी तिकडची श्रद्धा आहे.

'बिरुदावली' सर्वांत जवळचा शब्द आहे, पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की आपल्याकडे बिरुदं राजांची आणि सरदारांची. भाट-चारण पुढे, मागून स्वारी. ओरिकी मात्र कुणाचीही असते. माणसाची, घराण्याची, गावाची, देवाची. शिकाऱ्यांच्या 'इजाला' गायनात तर हत्तीसारख्या जनावरांच्याही ओरिकी येतात. दुसरी अडचण मोठी आहे. बिरुदावलीत गौरवच असतो, ओरिकीत तसं बंधन नाही. ओगुन हा लोखंडाचा, लोहारांचा आणि लढाईचा ओरिशा, म्हणजे योरुबा देव. त्याच्या ओरिकीतली अतिशय प्रसिद्ध ओळ अशी: घरात पाणी असूनही तो रक्तानं आंघोळ करतो. ही काही स्तुती नव्हे. ऐकणाऱ्याला धडकी भरावी अशी ही ओळ आहे आणि भक्त ती ओगुनच्या तोंडावर म्हणतात. घराण्यांच्या ओरिकीतही जुने पराभव, भांडणं, खोडी टिकून राहतात. म्हणूनच 'स्तोत्र' आणि 'स्तुती' हे दोन्ही शब्द मी बाद करीन.

'पोवाडा' तर रचनेतच बसत नाही. पोवाड्याला प्रसंग लागतो आणि तो क्रमानं पुढे सरकतो. ओरिकीत गोष्ट सांगत नाहीत, गोष्टीकडे बोट दाखवतात. एक ओळ पणजोबाच्या लढाईची, लगेच दुसरी आईच्या माहेरच्या गावाची, तिसरीत एखादं कोडं. कॅरिन बार्बर या अभ्यासिकेनं नायजेरियातल्या ओकुकू गावच्या ओरिकींवर 1991 साली मोठा ग्रंथ लिहिला. ओरिकीचं हे तुटक, अनेक आवाजांचं रूप त्यात फार बारकाईनं उलगडलं आहे. ओरिकी जपण्यात आणि म्हणण्यात तिथल्या बायकांचा वाटा केवढा मोठा आहे, तेही त्यात दिसतं. तेव्हा गोष्टीत आजीच ओरिकी म्हणते, हे लेखकानं मनानं घातलेलं नाही. ते घराघरातून आलेलं आहे.

मराठीत याच्या जवळ जाणारं काय आहे, असं विचाराल तर मी शब्दाऐवजी दोन प्रथा सांगेन. एक म्हणजे कोल्हापूर-सांगली-सोलापूर भागात फिरणारे हेळवी. ते दारात येऊन घराण्याची वंशावळ, मूळ गाव, कुलदैवत म्हणून दाखवतात. दुसरी प्रथा गोंधळाची. 'तुळजापूरची भवानी गोंधळा ये, कोल्हापूरची अंबाबाई गोंधळा ये' या ओळींमध्ये दैवताला गावासकट नाव घेऊन बोलावलं जातं. योरुबा घराण्यांच्या ओरिकीला 'ओरिकी ओरिले' म्हणतात आणि त्यात मूळ गावाचं नाव असंच मध्यवर्ती असतं. इकोयी या गावाचं मूळ सांगणाऱ्या घराण्यांची ओरिकी लढवय्यांची. घर सोडून पिढ्या उलटल्या, माणसं दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशात गेली, तरी ओरिकीतलं गाव तेच राहतं. परदेशात वाढलेल्या नातीच्या गोष्टीत म्हणूनच ओरिकी एवढी मोलाची ठरते.

म्हणून माझं उत्तर असं: नाम 'ओरिकी' हेच ठेवा आणि क्रियापद मराठी घ्या, 'आळवणं'. विठ्ठलाला आळवतात त्यात नाव घेणं आहे, बोलावणं आहे, माया आहे. 'आजीनं ओरिकी आळवायला सुरुवात केली' हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाला तळटीप न देता कळेल. लिंग स्त्रीलिंगी ठेवा. योरुबात व्याकरणिक लिंगच नाही, त्यामुळे मूळ काही मोडत नाही आणि ओवी, लावणी, आरती यांच्या पंगतीत हा शब्द सहज बसतो. अनेकवचन मात्र 'ओरिक्या' करू नका, कानाला फार खटकतं. एक ओरिकी, चार ओरिकी असंच चालू द्या.

आता त्या खास हाकेबद्दल. मुलाच्या रोजच्या नावाखेरीज लाडानं, समजावताना किंवा धीर देताना घ्यायचं एक ओरिकी-नाव असतं. मुलींची अशी पुष्कळ नावं 'के'नं संपतात आणि या 'के'चा अर्थ लाड करणं, जपणं. आजॉके म्हणजे सगळ्यांनी मिळून जिचे लाड करायचे ती. आबेके म्हणजे विनवण्या करून जिला जपायचं ती. आशाके म्हणजे निवडून घेऊन जिचे लाड करावेत ती. या शेवटच्या नावात मराठी वाचकाला आपली 'आशा' ऐकू येणार, म्हणून तिथे अर्थ एकदा वाक्यातच गुंफून टाका. मुलग्यांची आजानी, आकान्नी, आलाबी अशी नावं असतात. ही नावं कथेत भाषांतरित करू नका, पण आजी ती नेमकी कधी घेते तिकडे लक्ष असू द्या. रागावलेली आजी हे नाव सहसा घेणार नाही. अनुवादात सरसकट एकच नाव वापरलं, तर तो सगळा जिव्हाळा पुसला जाईल.

लेखनाबद्दल थोडं. योरुबा लिपीत ज्या 'ओ'खाली टिंब असतं त्याचा उच्चार आपल्या 'ऑ'जवळचा आहे आणि टिंबाचा 'एस' म्हणजे 'श'. त्यामुळे ओरिशा, ओरिकी, ओगुन आणि शांगो हे देव, पण ऑया आणि ऑशुन या देवी. इंग्रजी पुस्तकांत ही टिंबं बरेचदा गाळलेली असतात, तेव्हा प्रत्येक नाव योरुबा शब्दकोशात पाहून घ्यावं.

ताईंनी पाठवलेल्या उताऱ्यात शेवटी 'दूरवर ढोल वाजू लागले' असं वाक्य आहे, तेही बदला. योरुबा भाषेत उंच, मध्यम आणि खालचा असे तीन सूर असतात आणि सुरानं अर्थ बदलतो. दुंडुन हा डमरूच्या घडणीचा ढोल काखेत धरून त्याच्या दोऱ्या दाबल्या की हेच सूर निघतात. जाणकार माणूस ते ऐकून कुणाची ओरिकी चालली आहे ते ओळखतो. त्यातल्या मुख्य ढोलाला 'इयाइलू' म्हणतात, म्हणजे ढोलांची आई. मूळ प्रसंगात ढोल नातीच्या घराण्याची ओरिकी म्हणतोय आणि ती ऐकूनच नात वळते. तेव्हा 'दूरवर ढोल तिच्या घराण्याची ओरिकी आळवू लागला' असं लिहा, म्हणजे ती का वळली ते कळेल.