शब्दचर्चा : ‘शास्त्रीय’ म्हणजे श्रेष्ठ का?

मुलुंडच्या एका वाचकांचा प्रश्न असा : सोसायटीच्या कोजागिरीच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘शास्त्रीय’, ‘उपशास्त्रीय’ आणि ‘सुगम’ असे तीन भाग छापायचे आहेत. एका सभासदांचं म्हणणं, शास्त्रीय म्हणजे वैज्ञानिक, म्हणून ते सगळ्यांत श्रेष्ठ. उपशास्त्रीय त्याच्या खालचं आणि सुगम म्हणजे सोपं. दुसऱ्यांना ‘शास्त्रीय’च्या जागी ‘अभिजात’ हवं आहे. शब्दांच्या दृष्टीने यातलं बरोबर काय?

आधी ‘वैज्ञानिक’चा निकाल लावू. हा घोटाळा फिरत्या संदेशांतून (रागांना कंपनसंख्या असतात, गायच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणून हे संगीत वैज्ञानिक) सारखा समोर येतो आणि मराठीत तो फार सहज होतो. हिंदीत प्रयोगशाळेतला माणूस वैज्ञानिक आणि राग गाणारा शास्त्रीय गायक. दोन शब्द वेगळे. आपण रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र म्हणत आलो, प्रयोग करणाऱ्याला शास्त्रज्ञ म्हणालो, आणि मग ‘शास्त्रीय दृष्टिकोन’ व ‘शास्त्रीय संगीत’ यांतला शब्द एकाच अर्थाचा आहे असं गृहीत धरून बसलो. तसा तो नाही. ‘शास्त्र’ हे ‘शास्’ धातूवरून आलं : शिकवणं, वळण लावणं, हुकमत चालवणं. ‘शासन’ त्यातलंच, आणि ‘शिष्य’सुद्धा. (‘शिक्षण’ मात्र त्यातलं नाही. ते ‘शक्’ धातूच्या इच्छार्थक रूपावरून आलं आहे. आपल्याला जमावं अशी इच्छा, हा त्याचा मूळ अर्थ.) तेव्हा ज्याचे नियम सांगता येतात आणि शिष्याकडून घोटून घेता येतात, ते शास्त्रीय संगीत. कंपनसंख्या तर ढोलकीलाही असते. रागाची वेळ हाही संकेत आहे. कर्नाटक संगीताच्या मैफलीत तो जवळजवळ पाळला जात नाही आणि त्या संगीताचं काही बिघडलेलं नाही. ‘शास्त्रापुरता एक घास घ्या’ असं म्हणताना हाच शब्द आपण ‘नाममात्र’ या अर्थाने वापरतो. शब्दात मुळातच श्रेष्ठत्व असतं, तर तो इतक्या सहज ताटात उतरला नसता.

‘अभिजात’ नको. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून हा शब्द सगळीकडे चिकटवला जातो आहे. अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. रागसंगीताचा केवढा तरी भाग कलावंत घराण्यांतल्या बायकांनी आणि तवायफांनी गळ्यात सांभाळला, आणि समाजाने त्यांना कुलीन मानायचं नाकारलं. त्यांच्या गाण्याला आता ‘कुलीन’ हे विशेषण लावणं मला पटत नाही. भाषेला हा शब्द शोभतो, तिथे तो राहू द्या.

आता ज्याच्यासाठी हा प्रश्न उत्तर देण्याजोगा वाटला, तो भाग. ‘शास्त्रीय विरुद्ध इतर’ ही वाटणी अलीकडची आहे. जुनी वाटणी ‘मार्ग’ आणि ‘देशी’ अशी होती, आणि ‘मार्ग’ हा शब्द आला आहे हरणावरून! संस्कृतात ‘मृग’ म्हणजे मुळात कुठलंही रानातलं जनावर, ज्याचा माग काढायचा ते. म्हणून सिंह हा मृगेंद्र, माकड हा शाखामृग आणि शिकार ही मृगया. ‘मृग्’ म्हणजे शोधणं, आणि जनावराने उठवलेली वाट तो मार्ग. मराठीने ही सगळी साखळी जपली आहे : माग काढणे, मागावर असणे, मागोवा घेणे. ‘मागणे’सुद्धा इथलंच, शोधता शोधता हात पुढे करणं. तेराव्या शतकात देवगिरीला, आजच्या दौलताबादला, यादवांच्या राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. मार्ग-संगीत म्हणजे काय हे सांगताना तो म्हणतो, ‘यो मार्गितो विरिञ्च्याद्यैः’, म्हणजे ब्रह्मदेवादिकांनी ज्याचा माग काढला ते. नंतर भरतादिकांनी ते शंकरापुढे सादर केलं. आणि देशी? देशोदेशी लोकांच्या रुचीप्रमाणे जे मन रिझवतं ते.

मग आजचे आपले राग कुठल्या खान्यात बसतात? शार्ङ्गदेवाने रागांचे दहा वर्ग केले आणि त्यांतले रागांग, भाषांग, क्रियांग आणि उपांग हे चार वर्ग देशी ठरवले. त्याच्या काळात प्रत्यक्ष गाण्यात असलेल्या रागांना तो ‘अधुनाप्रसिद्ध’, म्हणजे सध्या प्रसिद्ध, म्हणतो. आपला मुलतानी, जौनपुरी, सोरठ, गौड सारंग, गुर्जरी तोडी, पहाडी ही नावं बघा. सगळी गावांची आणि प्रांतांची. कानडा हाही ‘कर्नाट’च. शार्ङ्गदेवाचीच फूटपट्टी लावली, तर दीनानाथ नाट्यगृहात किंवा षण्मुखानंदात आपण मान खाली घालून ऐकतो ते संगीत देशी आहे. त्याच्याही काही शतकं आधी मतंग या संगीतशास्त्रकाराने आपल्या ग्रंथाचं नावच ‘बृहद्देशी’ ठेवलं. त्यात देशीची व्याख्या आहे : बायका, मुलं, गुराखी आणि राजे आपापल्या प्रदेशात स्वेच्छेने, प्रेमाने जे गातात ते. रागाची व्याख्या आपण आजही याच ग्रंथातून उचलतो. म्हणजे ‘राग’ हा शब्द आपल्याला जिथे नीट उलगडून मिळतो, तिथेच गुराखीही हजर आहे.

शार्ङ्गदेवाने प्रबंधांच्या, म्हणजे बांधलेल्या गीतप्रकारांच्या, यादीत ‘ओवी’ घेतली आहे. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. मुसळाच्या घावावर म्हटलेलं गाणं पुढे थेट संगीतशास्त्राच्या ग्रंथात जाऊन बसलं. लोकसंगीत शास्त्राबाहेरचं, असं म्हणणाऱ्यांनी आधी ही यादी वाचावी.

इथे माझं एक मत मांडतो. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेव आपल्या कामाला ‘देशीकार लेणें’ म्हणतात. भाष्यकार याचा अर्थ देशी भाषेचा अलंकार असा करतात आणि पुढे जातात. मला तो अपुरा वाटतो. ज्ञानदेवांच्या काळी ‘देशी’ हा शब्द संगीताच्या चर्चेत मुरलेला होता. ‘संगीतरत्नाकर’ सिंघणाच्या दरबारात लिहिला गेला आणि ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, त्याच यादवांच्या राज्यात, रामचंद्रदेवाच्या अमलात. ग्रंथाचा छंद ओवी, म्हणजे शास्त्रकारांनी गेय प्रबंध म्हणून नोंदवलेला. ओवी गायली तर गाण्याला शोभा येते आणि न गाता वाचली तरी रंग दिसतो, असं ज्ञानदेव स्वतः सांगतात. दहाव्या अध्यायात ‘देशियेचेनि नागरपणें’ शांतरस शृंगाराला जिंकतो असा त्यांचा दावा आहे. ‘देशी’ला ‘नागर’, म्हणजे शहरी, सुसंस्कृत, म्हणण्याचं हे धाडस नुसत्या भाषेपुरतं नाही. मार्ग आणि देशी या जोडीतलं खालचं मानलेलं पद उचलून ते गीतेच्या अंगावर दागिना म्हणून घालत आहेत, असं मी वाचतो. ज्यांना ‘देशी’ इथे फक्त ‘मराठी’ वाटतं, त्यांनी ‘लेणें’ आणि ‘ओवी’ हे दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवून पुन्हा विचार करावा.

असो. ‘शास्त्रीय’ हे लेबल पक्कं झालं ते विसाव्या शतकात. त्याआधी लोक ख्याल, धृपद, चीज, पक्कं गाणं असं रूपाचं नाव घेत. वाळकेश्वरला जन्मलेल्या संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंड्यांनी आपल्या संस्कृत ग्रंथाचं नाव ‘लक्ष्यसंगीत’ ठेवलं, हे लक्षात घ्या. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष चाललेलं गाणं, लक्षण म्हणजे त्यावरचा नियम. आणि नाव दिलं लक्ष्याचं. त्यांच्या दहा थाटांत, म्हणजे स्वरांवरून केलेल्या रागांच्या गटांत, अहीर भैरव बसत नाही (रिषभ आणि निषाद कोमल, गंधार आणि धैवत शुद्ध), चारुकेशी बसत नाही. तिथे राग मोडत नाहीत, थाटांची यादी अपुरी ठरते. भातखंड्यांचं नाव घेऊन ‘शास्त्रात नाही म्हणून चूक’ म्हणणारे त्यांच्या ग्रंथाचं शीर्षकही नीट वाचत नाहीत.

श्रेष्ठत्व सरकारी हुकमाने बसवून पाहायचा प्रयोगही आपल्याकडे झाला. १९५२ पासून नभोवाणी मंत्री असलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार केली. ते रागसंगीताचे खरे प्रेमी होते आणि त्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमासारख्या चांगल्या गोष्टी त्याच काळात उभ्या राहिल्या. पण बंदीचा हिशेब साफ चुकला. श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिनेमाची गाणी लावणाऱ्या रेडिओ सिलोनकडे फिरवला आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. मग ‘शास्त्रीय’च्या जागी काय म्हणायचं? संगीतज्ञ डॉ. अशोक रानडे यांनी ‘कलासंगीत’ हा शब्द वापरला. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवूनही मला तो मान्य नाही. एकाला कलासंगीत म्हटलं की बैठकीच्या लावणीत अदा करणारीकडे कला नाही, असं न बोलता बोलून होतं. ‘रागसंगीत’ म्हणा. राग मांडणं हेच तिथलं काम आहे, आणि शब्द तेवढंच सांगतो.

‘उप’ म्हणजे जवळ : उपासना, उपवास, उपनयन. ‘उपनदी’त तो दुय्यम होतो हे खरं. पण ‘उपनगर’ बघा. शहराला लागून असलेलं. मुलुंडकरांना याहून जास्त सांगायला नको. उपशास्त्रीयातली ठुमरी रागाला लागून असते, आणि ती गायला ख्यालाहून वेगळी हिंमत लागते. ख्यालात रागाला वर्ज्य असलेला स्वर टाळायचा असतो. मिश्र खमाज किंवा भैरवीच्या ठुमरीत बाहेरचा स्वर मुद्दाम आणायचा असतो, आणि तो शब्दाच्या अर्थाला लागून आला नाही तर सरळ चूक वाटतो. शेवटी तबला दुगुणीत केहरवा तालाची लग्गी (जलद, खेळती वाजवणी) धरतो, तेव्हा गाणाऱ्याने मुखडा (गाण्याची पहिली ओळ) न हलवता धरून ठेवायचा असतो. नवशिके तिथे ताना घेऊन लग्गीचा विचका करतात.

‘सुगम’मधली सोय ऐकणाऱ्याची आहे, गाणाऱ्याची नाही. दुर्गम गड चढायला कठीण, सुगम गाणं कानाला सहज पोचणारं. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन ४८ ते ६० सेकंद चालतं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मिळत. म्हणजे ख्याल गाणारा जेवढ्यात तीन-चार वेळा समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येतो, तेवढ्यात भावगीताला मुखडा, दोन-तीन अंतरे आणि वाद्यांचे तुकडे उरकायचे असतात. ख्यालाचा गळा तिथे ठरावीक जागी चुकतो. आकाराच्या, म्हणजे ‘आ’ लावून गाण्याच्या, सवयीने व्यंजनं बोथट होतात आणि ‘मनात’चा ‘त’ ऐकूच येत नाही. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत हरकत भरली जाते आणि ओळीचा अर्थ तुटतो. तंबोऱ्यावर घोटलेला शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली असतो, म्हणून मागे कॉर्ड वाजला की गाणारा बेसूर वाटतो, जरी तो आपल्या जागी बरोबर असला तरी. उलट दिशेने भावगीत गाणारा ख्यालात फसतो. पाठ केलेली जागाच तो पुन्हा पुन्हा घेतो, उपज (ऐन वेळी सुचलेली भर) होत नाही, आणि सम आली की मुखडा घाईने कोंबावा लागतो. ‘हिचा बेस क्लासिकल आहे’ हे टीव्हीवरचं वाक्य म्हणून मला अर्धवट वाटतं. बेस कशासाठी, हे सांगितल्याशिवाय त्यातून काहीच कळत नाही.

‘श्रेष्ठ’बद्दल थोडक्यात. पाणिनी ‘प्रशस्यस्य श्रः’ म्हणतो. प्रशस्य, म्हणजे स्तुतीला योग्य, याच्या जागी ‘श्र’ येतो आणि पुढे ‘इष्ठ’ लागतो. एकच गुण असलेल्या अनेकांत जो पुढे, त्याला हा प्रत्यय. भावंडांतच कुणी ज्येष्ठ असतो. म्हणून ख्याल गाणाऱ्यांत श्रेष्ठ कोण, शाहिरांत श्रेष्ठ कोण, यावर खुशाल वाद घाला. ख्याल आणि पोवाडा यांच्यात ‘इष्ठ’ लावायला समान गुणच हाती लागत नाही. आपला मुंबईचा ‘शेठ’ही इथलाच. तो ‘श्रेष्ठी’, म्हणजे आपल्या श्रेणीचा, आपल्या व्यापारी संघाचा मुख्य. आणि ‘श्रेष्ठतम’ लिहू नका. ‘इष्ठ’वर ‘तम’ हा चढावावर चढाव आहे.

पत्रिकेवर भागांची नावं न देता प्रकारांची द्या : ख्याल (राग आणि ताल लिहून), ठुमरी, दादरा, नाट्यपद, भावगीत, लावणी (बैठकीची की फडाची तेही). पुरुषांची पट्टी (पेटीवर ‘सा’ जिथे धरतात ती) बहुधा काळी एक ते पांढरी दोन आणि बायकांची काळी चार-पाचच्या आसपास असते, म्हणून दोन्हींसाठी वेगळे तबले आधीच लावून ठेवायला सांगा. नाहीतर दोन गाण्यांमधला वेळ हातोडीच्या ठोक्यांतच जाईल. कार्यक्रम गच्चीवर असेल तर दव पडतं, ओलाव्याने पुडी (तबल्यावरचं कातडं) सैल होते आणि तबला पट्टीवरून उतरतो. वाद्यांवर छत घाला, आणि गाण्यागणिक सूर तपासायला वादकाला दोन मिनिटं द्या.